रँडम ॲक्सेस फाइलमधले रेकॉर्ड सरकतात, भलत्याच जागी जातात: बिघाड कुठे शोधायचा

ठरावीक लांबीचे रेकॉर्ड एका फाइलमध्ये ठेवायचे आणि हवा तो रेकॉर्ड क्रमांकावरून थेट गाठायचा, ही कल्पना सोपी आहे. क्रमांकाला लांबीने गुणा, त्या बाइटवर जा, तेवढे बाइट वाचा. तरीही अशा बिघडलेल्या फाइली माझ्यासमोर सतत येत राहतात. कधी विद्यार्थ्याचा प्रकल्प असतो, कधी वर्षानुवर्षं चालत आलेला आणि नव्या संगणकावर नेताच गडबडलेला प्रोग्राम. वरून बिघाड निरनिराळे दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. रेकॉर्ड म्हणजे काय हे फाइलला माहीत नसतं, तिच्यात फक्त एकामागून एक बाइट असतात. रेकॉर्ड कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे कोड ठरवतो. लिहिणारा कोड आणि वाचणारा कोड यांचं त्यावर एकमत नसलं की सगळं बिनसतं. म्हणून अंदाज बांधत बसू नका, बाइट मोजा.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं ते आधी ओळखा. एकाच वेळी दोन-तीनही असू शकतात.

- पहिला रेकॉर्ड बरोबर किंवा जवळजवळ बरोबर दिसतो. दुसऱ्यापासून नावं तुटलेली, आकडे अवाढव्य.
- पहिल्यापासून ओळीने वाचलं तर सगळं ठीक, क्रमांक देऊन थेट गेलं तर चूक.
- पाचवा रेकॉर्ड सुधारायला घेतला आणि बदलला सहावा.
- जुना रेकॉर्ड बदलायचा होता, पण नवा रेकॉर्ड फाइलच्या शेवटी जाऊन बसला.
- प्रोग्राम सुरू करताच फाइल रिकामी.
- यादीत शेवटचा रेकॉर्ड दोनदा येतो.
- क्रमांक १ ऐवजी १६७७७२१६ दिसतो.
- इंग्रजी नावं नीट येतात, मराठी नावांच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं.
- प्रोग्राम चालू असेपर्यंत सगळं वाचता येतं. बंद करून पुन्हा उघडला की नावांच्या जागी कचरा येतो किंवा प्रोग्राम कोसळतो.
- दहाव्या रेकॉर्डपासून घोळ सुरू होतो, किंवा सव्विसावा आला की वाचणं थांबतं.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: वस्तूचा क्रमांक ४ बाइटचा पूर्णांक, नाव ३० बाइट, किंमत ८ बाइटचा डबल (दशांश संख्या). बेरीज ४२.

सगळ्यात आधी फाइलची प्रत काढा

पुढची प्रत्येक तपासणी प्रतीवरच करा. या प्रकारच्या फाइलीत चुकीच्या जागी लिहिलेला एक रेकॉर्ड दोन चांगले रेकॉर्ड खराब करतो आणि तो बदल मागे घेण्याची काहीच सोय नसते. मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करून बाजूला ठेवा.

फाइलच्या आकाराला रेकॉर्डच्या लांबीने भागा

याला कोड लागत नाही. फाइलचे गुणधर्म उघडा, नेमका बाइटमधला आकार घ्या आणि भागा. बाकी शून्य यायला हवी. फाइलच्या सुरुवातीला हेडर (रेकॉर्डांआधी लिहिलेली फाइलबद्दलची माहिती) असेल तर त्याची लांबी आधी वजा करा.

समजा फाइल ४८०० बाइटची आहे. ४२ ने भागलं तर ११४ पूर्ण रेकॉर्ड आणि १२ बाइट बाकी. ही बाकीच सांगते की लिहिणाऱ्याने ४२ बाइटचे रेकॉर्ड लिहिलेले नाहीत. आपण लिहिलेले रेकॉर्ड १०० आहेत हे ठाऊक असेल तर उत्तर समोरच आहे: प्रत्येक रेकॉर्ड ४८ बाइटचा आहे. हे जास्तीचे ६ बाइट कुठून आले ते पुढे स्ट्रक्टच्या लांबीच्या भागात येईल.

बाकी शून्य आली म्हणून निर्धास्त होऊ नका, योगायोगानेही ती शून्य येते. बाकी उरली तर मात्र दोष नक्की आहे. लांबी चुकली आहे, फाइल मजकूर मोडमध्ये (तो काय ते पुढे येईल) लिहिली गेली आहे, किंवा शेवटचा रेकॉर्ड अर्धवट लिहिला असताना वीज गेली वा प्रोग्राम बंद पडला. तिसऱ्या प्रकारात शेवटच्या तुकड्याआधीचे सगळे रेकॉर्ड शाबूत असतात.

मोजणी शून्यापासून की एकपासून

शून्यापासून मोजत असाल तर जागा म्हणजे क्रमांक गुणिले लांबी. एकपासून मोजत असाल तर आधी एक वजा करा. व्हिज्युअल बेसिकच्या रँडम फाइलींत पहिला रेकॉर्ड १ क्रमांकाचा असतो. सी, जावा, पायथन यांत तुम्ही स्वतः बाइटची जागा देता आणि फाइलचा पहिला बाइट शून्यावर असतो. एका भाषेतून दुसरीत कोड आणताना हा एक हमखास निसटतो. सगळेच रेकॉर्ड बरोबर एकाने पुढे-मागे दिसत असतील, आतला मजकूर मात्र स्वच्छ असेल, तर दुसरं काही शोधू नका.

व्हिज्युअल बेसिकमध्येच आणखी एक बघा. फाइल उघडताना लांबी दिली नाही तर ती १२८ धरली जाते. तुमचा रेकॉर्ड त्याहून लहान असेल तर उरलेल्या जागेत बफरमधलं (मेमरीतल्या तात्पुरत्या साठवणीतलं) जे असेल ते जातं. मोठा असेल तर ५९ क्रमांकाची त्रुटी येते.

फाइल कोणत्या मोडमध्ये उघडली

कोडमधली ही एक ओळ बघायला मिनिटही लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सीमध्ये डब्ल्यू असलेला कोणताही मोड, पुढे प्लस असो वा नसो, उघडतानाच फाइल रिकामी करतो. रिकाम्या फाइलचं लक्षण इथलं. ए असलेला मोड जुना मजकूर जपतो, पण तुम्ही कुठेही सीक करा (म्हणजे फाइलमधल्या हव्या त्या बाइटवर जा), लिहिणं शेवटीच होतं. रेकॉर्ड शेवटी जाऊन बसतो तो यामुळे. जागच्या जागी बदल करायचा तर आर, प्लस आणि बी (बायनरी) हे तिन्ही हवेत. या मोडला फाइल आधीपासून असावी लागते. नसेल तर ती एकदा वेगळी तयार करा आणि मग या मोडमध्ये उघडा. पायथनमध्येही हीच अक्षरं आणि हाच अर्थ. सी प्लस प्लसमध्ये इन, आउट आणि बायनरी हे तीन फ्लॅग एकत्र द्या. नुसता आउट दिला तर फाइल पुसली जाते.

बी विसरल्याचा परिणाम विंडोजवर दिसतो आणि तो फसवा असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. मजकूर मोडमध्ये १० किमतीचा प्रत्येक बाइट लिहिताना त्याच्याआधी १३ किमतीचा एक बाइट आपोआप घातला जातो, कारण विंडोजवर ओळ अशीच संपते. तुमच्या रेकॉर्डमधल्या वस्तूचा क्रमांक १० असेल तर त्याचे चार बाइट १०, ०, ०, ० असे असतात. फाइलमध्ये ते १३, १०, ०, ०, ० असे पाच होऊन जातात. क्रमांक १ ते ९ ठीक, दहाव्यापासून पुढचं सगळं एका बाइटने सरकलेलं. २६६ ला पुन्हा तेच, कारण त्याचाही पहिला बाइट १० असतो. किमतीच्या आठ बाइटांत कुठेही १० आला तरी तेच.

ओळीने वाचताना हा दोष लपतो, कारण वाचतानाही मजकूर मोड असेल तर जास्तीचा १३ परत काढून टाकला जातो. म्हणून क्रमाने वाचलं तर बरोबर आणि उडी मारली तर चूक. त्यातच २६ किमतीचा बाइट मजकूर मोडमध्ये फाइलचा शेवट मानला जातो, म्हणून क्रमांक २६ आला की वाचणं तिथेच संपतं. लिनक्सवर या दोन मोडमध्ये फरक नाही, त्यामुळे तिथे चाचणी करून विंडोजवर दिलेला प्रोग्राम हमखास इथे अडकतो.

अशी फाइल वाचवता येते का? पूर्ण फाइल एकाच दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिली असेल तर येते. प्रत्येक १० च्या आधीचा एक १३ काढून नवी फाइल लिहा. पण मध्येच सीक करून रेकॉर्ड बदलले गेले असतील, तर लांबलेल्या रेकॉर्डचा शेवटचा बाइट पुढच्या रेकॉर्डच्या पहिल्या बाइटवर लिहिला गेलेला असतो. तो पुसलेला बाइट या फाइलमधून परत मिळत नाही, जुनी प्रत शोधावी लागते.

वाचून लिहिण्याआधी पुन्हा सीक केलं का

पाचवा सुधारला आणि सहावा बदलला, याचं कारण इथे. पाचवा रेकॉर्ड वाचून झाला की फाइलमधली जागा आपोआप सहाव्याच्या सुरुवातीला पोहोचते. मग बदल करून लिहिलं की तो सहाव्यावर बसतो आणि पाचवा जुनाच राहतो. लिहिण्याआधी पाचव्याच्या जागेवर परत जा.

सीमध्ये हे सीक दुसऱ्या कारणानेही लागतं. एकाच फाइलवर वाचणं आणि लिहिणं आलटून पालटून करायचं तर मध्ये सीक हवं, असा भाषेचाच नियम आहे. लिहून वाचायला वळताना फ्लशही (मेमरीत थांबलेलं लिखाण फाइलकडे पाठवणं) चालतं. नियम मोडला तर काय होईल याची हमी नाही. एका कंपायलरवर चालतं, दुसऱ्यावर नाही. जागा तीच असली तरी सीक लिहाच.

सी प्लस प्लसमध्ये आणखी एक. वाचताना फाइलचा शेवट लागला की स्ट्रीम बिघाडाच्या स्थितीत जाते आणि पुढचं प्रत्येक वाचणं-लिहिणं गुपचूप फुकट जातं. सीक करण्याआधी क्लिअर बोलवा.

शेवटचा रेकॉर्ड दोनदा येतो तो एफइओएफ (फाइलचा शेवट लागला का हे सांगणारं सीचं फंक्शन) तपासून लूप चालवल्यामुळे. शेवट लागला हे वाचायचा प्रयत्न फसल्यावरच कळतं, आधी नाही. लूपची अट एफरीडच्या उत्तरावर ठेवा: एक रेकॉर्ड मागितला आणि एक मिळाला तरच पुढे जा.

स्ट्रक्टची खरी लांबी छापून बघा

आता त्या ६ बाइटांकडे. स्ट्रक्ट म्हणजे सीमध्ये क्रमांक, नाव, किंमत एकत्र ठेवणारी रचना. ती किती बाइटची आहे हे साइझऑफ सांगतं, प्रोग्राममध्ये एक ओळ घालून त्याची किंमत छापा. ६४ बिटच्या नेहमीच्या संगणकांवर आपल्या उदाहरणाला ४८ येईल, ४२ नाही. क्रमांक ० ते ३, नाव ४ ते ३३ बाइटांवर, पण डबलला आठच्या पटीतली जागा हवी म्हणून कंपायलर ६ बाइट मोकळे सोडतो आणि किंमत ४० वर सुरू करतो. ३२ बिटच्या लिनक्सवर जीसीसी डबलला चारच्या पटीवर ठेवतो, तिथे लांबी ४४ भरते. एकच रेकॉर्ड, तीन लांब्या.

४८ ने लिहिलेली फाइल ४२ ने वाचली तर काय दिसतं ते बारकाईने पाहा, कारण हे चित्र ओळखता आलं तर पुष्कळ वेळ वाचतो. पहिल्या रेकॉर्डचा क्रमांक आणि नाव बरोबर, किंमत चुकीची. दुसरा ६ बाइट आधीपासून वाचला जातो, तिसरा १२, चौथा १८. नवव्या वाचनाला मात्र एकदम स्वच्छ नाव येतं, कारण ८ गुणिले ४२ आणि ७ गुणिले ४८ दोन्ही ३३६ होतात. तो रेकॉर्ड खरा आठवा असतो. सतराव्याला पुन्हा तसंच. ठरावीक अंतराने एखादा रेकॉर्ड बरोबर दिसत असेल तर लांबीतच चूक आहे. डिस्कला दोष देऊ नका.

पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूललाही हेच लागू आहे. फॉरमॅटच्या आधी काही चिन्ह दिलं नाही तर ते सीप्रमाणे मोकळी जागा सोडतं आणि ४८ देतं. आधी < हे लेस-दॅन चिन्ह लावलं तर ४२. कॅल्कसाइझ बोलवून एकदा खात्री करा.

उपाय दोन आहेत. कंपायलरला प्रॅग्मा पॅक ही सूचना देऊन मोकळी जागा काढून टाकता येते. मला त्यापेक्षा दुसरा पटतो: बाइटांचा एक बफर घ्या आणि प्रत्येक फील्ड (रेकॉर्डमधला एकेक भाग) ठरलेल्या जागी स्वतः ठेवा. क्रमांक ०, नाव ४, किंमत ३४. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण फाइलचा नकाशा कंपायलरच्या हातात राहत नाही. पूर्णांकही नेमक्या रुंदीचे घ्या. सीमधला लाँग ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचा आणि ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइटचा असतो. शिवाय रेकॉर्डची लांबी अपेक्षित आहे ना, हे कंपाइल करतानाच तपासणारा एक स्टॅटिक ॲसर्ट कोडमध्ये कायमचा ठेवा.

जुनी फाइल नव्या लांबीत आणायची तर जुन्या नकाशाने वाचा आणि नव्या नावाच्या फाइलमध्ये लिहा. त्याच फाइलमध्ये जागच्या जागी कधीही नाही.

नावांची फील्ड

आधी बघा की रेकॉर्डमध्ये खरोखर अक्षरं आहेत की फक्त पत्ता. सीमधला कॅरॅक्टर पॉइंटर किंवा सी प्लस प्लसची स्ट्रिंग रेकॉर्डमध्ये ठेवून तो तसाच फाइलमध्ये लिहिला, तर डिस्कवर मेमरीतला पत्ता जातो. प्रोग्राम चालू असेपर्यंत पत्त्यावर नाव असतं, म्हणून सगळं चालतंय असं वाटतं. पुन्हा उघडल्यावर तिथे काहीच नसतं. काही कंपायलरवर छोटी स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या आतच मावते, त्यामुळे छोटी नावं टिकतात आणि लांब नावांवरच प्रोग्राम कोसळतो. रेकॉर्डमध्ये ठरावीक लांबीचा ॲरेच हवा.

जावामध्ये राइटयूटीएफ वापरलं असेल तर रेकॉर्ड ठरावीक लांबीचा राहिलाच नाही. ते आधी २ बाइटांत लांबी लिहितं आणि मग नाव जेवढं असेल तेवढेच बाइट. नाव बाइटांत बदला, ठरलेल्या लांबीपर्यंत भरा आणि ते बाइट लिहा. वाचताना साध्या रीडऐवजी रीडफुली वापरा, कारण रीड मागितल्यापेक्षा कमी बाइट देऊन परत येऊ शकतं.

मराठी मजकुराचा हिशोब वेगळा आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं आहेत. "व्यवस्थापक" हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. आत व, हलन्त, य, व, स, हलन्त, थ, काना, प, क अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. ३० च्या फील्डमध्ये तो काठोकाठ बसतो आणि सीला शेवटी लागणाऱ्या शून्याला जागाच उरत नाही, मग छापताना पुढच्या फील्डमधला कचरा नावाला चिकटतो. फील्ड २० बाइटचं असेल तर सहा चिन्हं पूर्ण जातात आणि "थ" च्या तीन बाइटांपैकी दोनच मावतात. शेवटचा तो चौकोन म्हणजे हेच अर्धं चिन्ह. पायथनचं स्ट्रक्ट मॉड्यूल असं कापताना काही तक्रारही करत नाही.

म्हणून मराठी नावांसाठी फील्डची लांबी अक्षरांत ठरवू नका, बाइटांत ठरवा आणि सढळ ठेवा. कापावंच लागलं तर कापण्याच्या जागी १२८ ते १९१ मधला बाइट आहे का बघा. असेल तर तो चिन्हाच्या मधला बाइट आहे, तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे या आणि त्याच्या आधी कापा. लिहिण्याआधी पूर्ण फील्ड शून्याने भरून घ्या, नाहीतर आधीच्या लांब नावाचं शेपूट मागे राहतं.

हेक्स एडिटरमध्ये बाइट बघा

इथपर्यंत सापडलं नाही तर ओळखू येतील असे तीन रेकॉर्ड नव्या फाइलमध्ये लिहा: क्रमांक १, २, ३ आणि नावं इंग्रजी ए, बी, सी यांनी पूर्ण भरलेली. फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. नावांचे पट्टे कुठे सुरू होतात त्यावरून लांबी आणि मोकळे बाइट दोन्ही लगेच दिसतात. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची तपासणी आहे. कोड काय करतो असं वाटतं ते राहू द्या, डिस्कवर काय गेलं ते इथे दिसतं.

क्रमांक १ चे बाइट १, ०, ०, ० असे आहेत की ०, ०, ०, १? जावाची रँडम ॲक्सेस फाइल मोठा बाइट आधी लिहिते. इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरवर सीचा प्रोग्राम लहान बाइट आधी लिहितो. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने वाचली की १ चे १६७७७२१६ होतात. क्रम एक ठरवा आणि दोन्हीकडे तोच पाळा.

फाइल खूप मोठी असेल तर गुणाकारही तपासा. ३२ बिटच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढे आकडा मावत नाही. ४८ बाइटच्या रेकॉर्डला ४४७३९२४३ व्या क्रमांकावर ही मर्यादा ओलांडली जाते. गुणाकार ६४ बिटांत करा आणि विंडोजवर साध्या एफसीकऐवजी त्याचा ६४ बिटचा भाऊ वापरा, कारण तिथे एफसीकला दिला जाणारा लाँग ६४ बिटच्या प्रोग्राममध्येही ३२ बिटचाच असतो.

कुठे थांबायचं

प्रत काढतानाच वाचन-त्रुटी येत असतील, संगणक अडखळत असेल, तर दोष डिस्कमध्ये आहे. कोडला हात लावू नका, त्या डिस्कवर काहीही लिहू नका, दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका. मशीन बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. प्रत्येक प्रयत्नागणिक वाचण्यासारखं कमी होत जातं.

दोन प्रोग्राम किंवा दोन माणसं एकाच वेळी त्याच फाइलमध्ये लिहीत असतील आणि रेकॉर्ड अधूनमधून हरवत असतील, तर वरच्या तपासण्यांनी ते सुटणार नाही. फाइल लॉक लावता येतात, पण अर्ध्यात वीज गेली तर दोन रेकॉर्डपैकी एकच बदललेला राहणं लॉकने टळत नाही. अशा वेळी एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसकडे जा आणि ते काम माहीत असलेल्या माणसाकडून करून घ्या.

हिशोबाची किंवा रुग्णांची माहिती असेल, प्रत एकच असेल आणि लिहिणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड हाती नसेल, तर आकार मोजून झाल्यावर तिथेच थांबा. नकाशा चुकीचा ओळखूनही खरे वाटणारे आकडे निघू शकतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. जाणकाराकडे जाताना हात न लावलेली प्रत, पहिल्या काही रेकॉर्डचं हेक्स चित्र, फील्डची जी काही यादी असेल ती, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टमचं नाव न्या. शिवाय छापलेल्या जुन्या कागदांवरून खात्रीने माहीत असलेले चार-पाच रेकॉर्डही द्या, म्हणजे काढलेली माहिती त्याला ताडून बघता येईल.